आठव्या चौकटीतली कंडक्टर

आमच्या सरांना गेममध्ये मातीचा सुगंध हवा होता. मोबाइलच्या पडद्याला सुगंध येत नाही, हे त्यांना सांगणार कोण? पगार तेच देत होते. म्हणून आम्ही चौघं माना डोलवायचो, वहीत 'माती' असं लिहायचो आणि त्याखाली दोन रेघा ओढायचो.

ऑफिस नाशिकच्या गंगापूर रोडला, एका दातांच्या दवाखान्याच्या वर. खाली कुणाची तरी दाढ कोरली जात असायची आणि वर आम्ही हाणामारीचा गेम बनवत असायचो, त्यामुळे किंकाळ्यांची उणीव कधी भासली नाही. गेम अगदी साधा होता. एक माणूस डावीकडे, एक उजवीकडे, आणि एक आडवा होईपर्यंत एकमेकांना बडवायचं. सगळं सपाट, कागदावरची चित्रं भांडतात असं समजा. ती माणसं कशी दिसतील, काय नेसतील, कशी उभी राहतील हे ठरवून चित्रं काढणं माझं काम. याला आमच्यात 'कन्सेप्ट' म्हणतात. त्याआधी मी फ्लेक्सच्या दुकानात वाढदिवसाच्या बॅनरवरचे शुभेच्छुक गोल कापायचे, त्यामानाने बढतीच म्हणायची.

आठ लढवय्ये हवे होते. त्यातले सात सरांना आंघोळ करताना सुचले होते, हे त्यांनीच अभिमानाने सांगितलं. आग ओकणारा साधू, कारण नाशिक. वाघाच्या तोंडाचा पहिलवान, कारण वाघ. फेटा बांधलेला रोबो, कारण भविष्य. अशा थाटात एक निन्जाही आला.

"सर, निन्जा आपल्या मातीतला?" मी विचारलं.

"त्याला कोल्हापुरी चपला घाल," सर म्हणाले.

घातल्या. माझं काय जातंय?

सात झाल्यावर सरांना आठवलं की जगात बायकाही असतात. "एक लेडीज पण पाहिजे," ते म्हणाले. बसमध्ये दोन सीटांवर 'स्त्रियांसाठी' असं रंगवतात ना, तसा तो आठवा नंबर. ती कशी हवी? तर पॉवरफुल पण सोज्वळ, रागीट पण गोड, आपली पण ग्लोबल. मी तीन आठवडे बायका काढत होते. तलवारवाली काढली, त्रिशूळवाली काढली, लेझीमवाली काढली. शेवटी वैतागून लाटणंवालीसुद्धा काढली, आणि सरांनी तिच्यावर पाच मिनिटं गंभीरपणे विचार केला. मग म्हणाले, "नाही, काहीतरी मिसिंग आहे." तोवर माझं डोकंच मिसिंग झालं होतं.

त्या दिवशी संध्याकाळी मी घरी धुमसत बसले होते आणि आई ड्यूटीवरून आली. माझी आई लाल बसची कंडक्टर. पंचवीस वर्षं झाली होती आणि नोव्हेंबरअखेर ती निवृत्त होणार होती. गुडघ्याला पट्टा, अंगावर खाकी, खांद्याला चामड्याची बॅग. पाणी पिण्याआधी ती बॅग उतरवते आणि स्वयंपाकघराच्या दारात जरा वेळ नुसती उभी राहते. हे मी लहानपणापासून बघतेय. पाय फाकलेले, एक पाऊल किंचित मागे, गुडघे सैल, हात मोकळे. म्हणायची, "दिवसभर गाडी हलते, घरी आल्यावर जमीन हलते. थांब, जमीन थांबू दे."

मी तिच्याकडे बघितलं आणि स्वतःच्या कपाळावर हात मारला. काखेत कळसा अन् गावाला वळसा, दुसरं काय!

दुसऱ्या दिवशी ऑफिसात ताप असल्याचं कळवून मी तिची सुरगाण्याची गाडी पकडली. हातात वही. आई तिकिटाचं मशीन घेऊन माझ्यापाशी आली आणि अनोळखी माणसाकडे बघावं तसं बघत म्हणाली, "कुठं?"

"आई, अगं मी आहे."

"ते दिसतंय. कुठं?"

"सुरगाणा."

तिने बायकांचं अर्धं तिकीट माझ्या हातात ठेवलं आणि पुढे गेली. तिचा नियमच होता तो. आपल्या गाडीत फुकट कुणी बसायचं नाही. सख्खा भाऊ नामपूरहून आला होता तेव्हा त्यालाही तिने तिकीट काढायला लावलं होतं, आणि मामा वर्षभर फुगून बसला होता.

वणी मागे पडली की पुढे वळणं सुरू होतात. तिथे मी खरी गंमत बघितली. वळण आलं की गाडीतली सगळी माणसं एका बाजूला कलंडायची. कुणी दांडा धरायचं, कुणी शेजाऱ्याचा खांदा, एक आजोबा तर देवाचं नाव धरायचे. आईने काहीच धरलेलं नसायचं. धरणार कशाने? एका हातात मशीन, दुसऱ्या हातात लोकांच्या नोटा. वळण यायच्या जरासं आधीच तिचं वजन एका टाचेवरून दुसरीवर जायचं, कंबर सीटच्या कडेला टेकायची, आणि तिकीट छापत ती उभीच. खिडकीबाहेर एकदाही बघत नव्हती. वळण तिच्या तळपायाला आधी कळत होतं.

येताना गाडी खच्चून भरली. दिंडोरीकडे द्राक्षाच्या छाटणीला निघालेल्या बायका पोत्यागाठोड्यांसकट चढल्या. दारातल्या एकीने ओरडून सांगितलं, "ओ बाई, लय गर्दी हाय, पाय ठेवाया जागा नाय!" आई म्हणाली, "एक पाय ठेव, दुसऱ्याला वणीत जागा करून देते. चला, पुढे सरका!" आणि काय आश्चर्य, माणसं सरकली. मग तिने घंटीच्या दोरीला दोन हिसके दिले, डबल बेल, आणि गाडी निघाली. मी वही भरत होते. पंचवीस वर्षं ही बाई माझ्या घरात राहत होती आणि मी मात्र इंटरनेटवर तलवारवाल्या शोधत होते. लाज वाटली, खरंच.

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगते, म्हणजे पुढचं कळेल. पडद्यावर लढणारा माणूस बोटाएवढा दिसतो. त्याचे डोळे-नाक कुणी बघत नाही. म्हणून आधी त्याची नुसती काळी आकृती काढायची, आत काही नाही, नुसती सावली. सावली बघून माणूस ओळखू आला तर पास. मी आईची काळी आकृती काढली. फाकलेले पाय, रुंद कंबर, एका बाजूला लोंबणारी बॅग, हातात घंटीची दोरी, अंबाडा. दुसरं म्हणजे, गेममध्ये लढवय्या उभा असतानाही हलत असतो. बाकीचे सात बॉक्सिंगवाल्यांसारखे उड्या मारत होते. माझी मात्र बसमध्ये उभी असल्यागत एका टाचेवरून दुसरीवर डुलत होती.

सरांनी आठही आकृत्यांचे कागद भिंतीवर लावले आणि खालच्या दवाखान्यातल्या रिसेप्शनवरच्या बाईंना वर बोलावलं. साधूला त्या झाड म्हणाल्या. निन्जाला म्हणाल्या, "हा घसरून पडतोय का?" आठव्या कागदापाशी मात्र पटकन म्हणाल्या, "ही कंडक्टर. सुट्टे मागतेय."

सर खुर्चीवरून उठलेच. "लॉक कर! लॉक कर हिला!" खेळणारा आपला लढवय्या निवडतो त्या पहिल्या पानावर आठ चौकटी असतात. त्यातल्या आठव्या चौकटीत माझी काळी आकृती त्याच दिवशी चिकटवली गेली.

आणि मी काय केलं? तर उचलली जीभ, लावली टाळ्याला. घरी जाऊन आईला सांगितलं, "तुला गेममध्ये घेतलंय. तू मारामारी करणार."

"मी? मी कधी कुणावर हात उचललाय?"

"गेममध्ये उचलशील. घंटीच्या दोरीने."

"बरं," ती म्हणाली आणि भाजी निवडायला लागली. मला वाटलं, झालं, संपला विषय. पण दुसऱ्या दिवशी अख्ख्या डेपोला माहीत झालं होतं. तिच्या गाडीवरच्या ड्रायव्हर काकांनी तर जाहीरच करून टाकलं की निरोप समारंभाला टीव्ही लावायचा आणि सगळ्यांनी मिळून बाईंची फायटिंग बघायची. आईने पंचवीस वर्षांत कुणाकडे काही मागितलं नव्हतं. आता रोज विचारायची, "झालं का गं तुमचं? आमचे लोक विचारतात." माझे लोक काय विचारत होते ते तिला कसं सांगू?

कारण इकडे सरांना सुचायला लागलं होतं. पुन्हा आंघोळ केली असावी.

"बाकी मस्त आहे," ते म्हणाले, "फक्त कंबर जरा."

कंबर जरा केली.

"आणि वय. पन्नाशीच्या बाईला कोण सिलेक्ट करणार? बावीस कर."

बावीस केलं.

"अंबाडा नको, केस मोकळे. खाकी राहू दे, खाकी युनिक आहे. फक्त पोटावरून थोडी वर घे. आणि असे पाय फाकून काय उभी आहे? एक पाय नाजूक पुढे."

दर वेळी 'फक्त'. त्या एका शब्दाने माझी आई इंचाइंचाने पुसली. मी भांडले असेन असं तुम्हाला वाटेल, कारण तोंडाने मी तिखट आहे. छे! माझं कंत्राट डिसेंबरात संपणार होतं आणि फ्लेक्सच्या दुकानाचं शटर अजून स्वप्नात यायचं. मी मूग गिळले. सर सांगत होते, पण पेन माझ्याच हातात होता. शेवटी जी तयार झाली ती घाटातल्या बसमध्ये सोडा, ऑफिसच्या लिफ्टमध्ये उभी राहिली नसती. सर म्हणाले, "आता हिच्यात मातीचा सुगंध आहे."

समारंभाचा दिवस आला. डेपोच्या आवारात मांडव, खुर्च्या, शाल, नारळ, आणि एका कोपऱ्यात कुणीतरी घरून उचलून आणलेला मोठा टीव्ही. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत. माझ्या खिशातल्या पेन ड्राइव्हमध्ये दोन्ही कंडक्टर होत्या, माझी पहिली आणि सरांची शेवटची. शेवटची दाखवली असती तर? उघड्या पोटाची, केस सोडलेली, आईची बॅग लटकवलेली ती पोरगी, आणि समोर आईचा सगळा डेपो. मी पहिली लावली. ती गेममध्ये नव्हती आणि कधीच येणार नव्हती, पण टीव्हीला काय कळतंय?

टीव्हीवर आई उभी राहिली. या टाचेवरून त्या टाचेवर. मग दोरीचा एक हिसका, आणि समोरचा साधू आडवा. काय टाळ्या! काय शिट्ट्या! ड्रायव्हर काका उठून उभे राहिले आणि टीव्हीकडे बोट दाखवत म्हणाले, "हीच! बारा वर्षं मी वरच्या आरशात हीच बघितलीय. ही उभी दिसली की मी निवांत गाडी हाकायचो." आणि ते घाईघाईने खाली बसले. सगळे हसत होते. आईच एकटी हसत नव्हती. ती टीव्हीकडे नाही, माझ्याकडे बघत होती.

बाबा नारळ-शाल घेऊन स्कूटरवरून पुढे गेले. आम्ही दोघी रिक्षात. द्वारका चौक येईपर्यंत ती बाहेरची रहदारी बघत होती. मग म्हणाली, "खरं सांग. गेममध्ये हीच आहे का?"

"हो. म्हणजे... का गं?"

"विनातिकीट माणूस मला दारातूनच ओळखू येतो. मान जरा जास्तच ताठ असते त्याची. मघाशी तुझी होती."

मी मोबाइल काढला आणि शेवटची दाखवली. दुसरं करणार काय? आईने चष्मा लावला. आई मूळची बागलाणातली, पण घरात शुद्ध बोलते. फार लागलं तरच तिची अहिराणी बाहेर येते.

"हाई कोन शे?" ती म्हणाली.

तिने चित्र बोटांनी मोठं केलं.

"हिने आधाराला काय धरलंय?"

"काही नाही."

"मग अशी उभी राहिली तर पडेल ही. पहिल्याच वळणाला." तिने मोबाइल माझ्या मांडीवर ठेवला. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती अगदी हळू बोलली. "पडू दे, तिचं ती बघेल. पण आज तू माझ्या लोकांसमोर मला खोट्या टाळ्या मिळवून दिल्यास. पंचवीस वर्षांत मी कुणाला फुकट बसवलं नाही. सख्ख्या भावाला नाही, तुला नाही. आणि शेवटच्या दिवशी तू मलाच विनातिकीट बसवलंस."

रिक्षावाल्याने आरशातून आमच्याकडे बघितलं आणि पटकन नजर वळवली. मला रडू येत होतं आणि त्याहून जास्त स्वतःचा संताप येत होता.

सोमवारी मी सरांच्या केबिनमध्ये गेले. बसले नाही. "सर, ती आठवी माझी आई आहे. ती पहिल्यासारखी उभी राहील, नाहीतर गेममध्ये राहणार नाही. ती मी माझ्या वहीतून काढली होती, माझी मी परत घेते."

"अगं, इमोशनल नको होऊस. कंबर थोडी वाढवू."

"थोडी नाही."

"वय तीस?"

"अठ्ठावन्न."

सरांनी छताकडे बघितलं. खाली कुणाची तरी दाढ निघत होती. मग त्यांनी ठरवलं की सध्या सातच बरे, लेडीज पुढच्या अपडेटमध्ये बघू. आणि डिसेंबरात त्यांनी मला 'नव्या संधींसाठी मोकळं' केलं. किती हा उदारपणा! मी त्यांचे आभार मानले आणि खालच्या दवाखान्यात जाऊन दाढ दाखवून आले. तिथल्या बाईंनी विचारलं, "त्या कंडक्टर बाईंचं काय झालं?" मी म्हटलं, "निवृत्त झाल्या."

आता मी पोरांना चित्रकला शिकवते आणि मिळतील ती पुस्तकांची मुखपृष्ठं करते. फ्लेक्सच्या दुकानात नाही गेले, एवढं मात्र सांगते.

मार्चमध्ये गेम आला. द्वेषापोटी मी पहिल्याच दिवशी उतरवून घेतला. पहिलं पान उघडलं. साधू होता, वाघ होता, कोल्हापुरी चपला घातलेला निन्जा होता. आठव्या चौकटीवर कुलूप, खाली 'लवकरच'. आणि कुलपाच्या मागे एक काळी आकृती. सरांनी कंबर बदलली, वय बदललं, केस सोडले, पण त्या चौकटीत पहिल्या दिवशी चिकटवलेली सावली काढायची कुणालाच आठवण राहिली नव्हती. फाकलेले पाय, बॅग, दोरी, अंबाडा.

मी तशीच आईकडे धावले. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने चष्मा लावला, मोबाइल लांब धरला, मग जवळ.

"ही मी," ती म्हणाली.

"हो."

"कुलूप कशाला?"

"तुला आत घेत नाहीयेत."

"नसू दे. दारात उभं राहूनच नोकरी केली मी." ती अजून बघत होती. "आधाराला काही धरलेलं नाही ना?"

"नाही गं," मी म्हटलं आणि तिथेच बाकड्यावर बसून रडायला लागले. डिसेंबरात नोकरी गेली तेव्हाही इतकी रडले नव्हते.

आईने मोबाइल माझ्या हातात दिला आणि माझ्या खांद्याला हलकेच ढकललं.

"पुरे आता. सरक जरा, मला बसू दे."